रिचमंडचे विद्यावेतन

कॅलिफोर्नियातील रिचमंड शहर ‘गोळ्या झाडू नका म्हणून गुंडांना पैसे देते’, असे सर्रास बोलले जाते. ते तसे नाही. महापालिकेने २००७ मध्ये ‘ऑफिस ऑफ नेबरहुड सेफ्टी’ (वस्ती सुरक्षा कार्यालय) हा पोलिसांपासून वेगळा विभाग काढला. पालिकेचा पैसा मुख्यतः तिथल्या पगारी कार्यकर्त्यांवर खर्च होतो, आणि माझ्या मते खरी मोलाची गोष्ट तीच. त्यांतले काही स्वतः तुरुंगवास भोगून आलेले; म्हणून गुंड म्हटली जाणारी पोरे त्यांचे ऐकतात. ते तरुणासोबत ‘लाइफ मॅप’ (आयुष्याचा आराखडा) आखतात: वाहन परवाना, राहिलेली परीक्षा, नोकरी. या कार्यक्रमात सहा महिने टिकून आराखड्यातले काही पार पाडले, तरच महिन्याला जास्तीत जास्त १,००० डॉलर, तेही मुख्यतः खासगी देणग्यांतून. आयटीआयच्या शिकाऊ उमेदवाराला मिळते, तसेच हे विद्यावेतन. शिकणे थांबले की तेही थांबते.