सुवर्णदुर्गाच्या आडोशाचं गाव

हर्णैला आलेला पाहुणा दुपारी सुवर्णदुर्ग पाहतो, संध्याकाळी मासळीबाजार, आणि दोन वेगळी ठिकाणं पाहिल्यासारखा परततो. खरं तर दोन्हींचं मूळ एकच आहे: हे छोटंसं खडकाळ बंदर. वायव्येच्या वाऱ्यापासून इथे गलबतांना आसरा मिळतो. म्हणूनच इथे आरमार नांदलं आणि म्हणूनच आज होड्या नांगर टाकून उभ्या असतात.

दापोलीहून आसूदच्या नारळी-पोफळीच्या बागा ओलांडून रस्ता खाली उतरतो. किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा हे तीन किल्ले आणि समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. जमिनीवरच्या तिघांचं काम जलदुर्गाची पाठराखण करण्याचं. कनकदुर्गावर आता दीपगृह आहे, फत्तेगडावर कोळ्यांची वस्ती. पाहुण्याने आधी कनकदुर्गावर चढावं. बंदराची सगळी रचना तिथून एका नजरेत कळते.

समुद्र शांत असेल तर होडीने सुवर्णदुर्गावर जाता येतं. दरवाजा बुरुजांच्या आड असा दडवला आहे की अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. पायरीवर कोरलेलं कासव आणि तटावरचा मारुती पाहायला विसरू नये. मराठा आरमाराचे प्रमुख कान्होजी आंग्रे यांची कारकीर्द याच किल्ल्यावर सुरू झाली. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून नोंदवलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत सुवर्णदुर्ग आहे.

पण या गडाची सर्वांत जिव्हारी लागणारी गोष्ट १७५५ सालची आहे. कान्होजींचे पुत्र तुळाजी आंग्रे पेशव्यांना जुमानत नव्हते, म्हणून नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली. एप्रिलमध्ये कमोडोर विल्यम जेम्सच्या जहाजांनी तोफा डागल्या आणि गड पडला. पुढच्याच वर्षी तुळाजींचा विजयदुर्गही गेला. मराठ्यांची सागरी ताकद मराठ्यांच्याच संमतीने मोडली गेली, हे तटावर उभं राहून आठवलं की मन विषण्ण होतं. जेम्सच्या मृत्यूनंतर त्याच्या पत्नीने १७८४ साली लंडनजवळच्या शूटर्स हिलवर त्रिकोणी मनोरा बांधला. तो आजही उभा आहे, आणि त्याचं नाव आहे सेव्हर्नड्रूग, म्हणजे आपला सुवर्णदुर्गच. गड पडल्यानंतर सुमारे अर्ध्या शतकाने, १८०२ मध्ये, यशवंतराव होळकरांपुढे पळ काढलेल्या दुसऱ्या बाजीराव पेशव्याने याच गडाचा आसरा घेतला. इथून तो वसईला गेला आणि वर्ष संपता संपता इंग्रजांशी तह करून बसला.

दिवस कलला की गर्दी पुळणीवर सरकते. बंदर उथळ, त्यामुळे मोठ्या होड्या काठाला लागत नाहीत. पाण्यात शिरून मासळी वाहून आणणाऱ्या बैलगाड्या ही हर्णैची जुनी ओळख. वाळूवर ढीग लागतात, भोवती कोंडाळं जमतं आणि बोली सुरू होते. पापलेट, सुरमई, हलवा, बांगडा, कोळंबी, म्हाकूल. एकेक ढीग काही क्षणांत विकला जातो. बोली लावणारे व्यापारी असतात, घरापुरती मासळी हवी असलेल्यांसाठी तो खेळ नाही. त्यांनी बाजूला पाट्या मांडून बसलेल्या कोळणींकडे जावं आणि घासाघीस जपून करावी. त्या भावामागे रात्रभराचं डिझेल, बर्फ आणि खलाशांची मजुरी असते. रिकाम्या जाळ्याने परतलेल्या होडीलाही हा खर्च चुकत नाही. मोबाइल घेऊन लिलावाच्या मधोमध घुसणाऱ्यांनाही हे कळायला हवं: हा कुणाच्या तरी कामाचा वेळ असतो.

१ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक होड्यांच्या मासेमारीला बंदी असते. हा माशांच्या विणीचा हंगाम, शिवाय समुद्र खवळलेला. त्या दिवसांत गडावर जाणारी होडीही मिळत नाही. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिल्यावर बंदर पुन्हा भरू लागतं, पण गड आणि बाजार दोन्ही निवांत पाहायचे तर दिवाळीनंतरचे महिने गाठावेत.