कॉन्टेसा ओरिजिनल आहे का?

सोलापूरच्या होटगी रोडवर एखादी जुनी कॉन्टेसा विकायला निघाली की मालकाचं वाक्य ठरलेलं, "एकदम ओरिजिनल आहे, डोळे झाकून घ्या." पंचवीस वर्षांपूर्वी हा शब्द कुणी काढत नव्हतं. तेव्हा विचारायचे एवढंच: ॲव्हरेज किती देते?

1984 साली हिंदुस्थान मोटर्सने ही गाडी आणली. लांब बॉनेट, रुंद बैठक. 'देशी मसल कार' हे नाव तिला पुढे चिकटलं ते दिसण्यावरून. ताकदीचं म्हणाल, तर सुरुवातीच्या गाड्यांत अँबॅसिडरचंच 1489 सीसीचं इंजिन होतं, जेमतेम 50 हॉर्सपॉवरचं. बॉडी ब्रिटनच्या व्हॉक्सहॉलची, इंजिन बीएमसी या ब्रिटिश कंपनीच्या कुळातलं आणि बांधणी बंगालमधल्या उत्तरपाराची. मग इसुझूचं 1.8 लिटरचं पेट्रोल इंजिन आणि पाच गिअर आले, नंतर इसुझूचंच डिझेल. कारखान्यानेच इतके बदल केल्यावर ओरिजिनल म्हणजे कुठल्या सालचं, हे आधी विचारायला हवं. विकणाऱ्याला हा प्रश्न सहसा आवडत नाही.

नव्वदच्या दशकात पेट्रोल परवडेना, तशी गॅरेजमध्ये पेट्रोल इंजिनं उतरू लागली आणि मिळेल ते डिझेल इंजिन चढू लागलं. 2002 मध्ये उत्पादन थांबल्यावर स्पेअर पार्टचीही मारामार झाली. गाडी चालती ठेवायची तर दुसरा उपाय नव्हता, आणि त्यात कुणाचं काही चुकलं असं मला वाटत नाही. होटगीहून गदगकडे जाणारी मीटरगेज लाइन ब्रॉडगेज झाली तेव्हा मूळ रुळांसाठी कोण हळहळलं होतं?

चुकलं ते पुढे. हौशी गिऱ्हाईक आलं, भाव चढला आणि बदललेल्या गाड्या पुन्हा 'ओरिजिनल' होऊ लागल्या. जाणता फिटर मात्र चकचकीत रंगाकडे बघतच नाही. तो डिकीतली स्टेपनी उचलतो, पायाखालचं मॅटिंग वर करतो आणि तिथला रंग बाहेरच्याशी ताडून पाहतो. दाराच्या खालच्या कडेला लोहचुंबक धरतो. चिकटला नाही तर आत लांबी भरलेली. इंजिन डिझेलचं पण डॅशबोर्डवर चोकची नॉब अजून तशीच, असंही सापडतं. शेवटी चेसिस नंबर. वंगण रॉकेलने पुसायचं, वर पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी घासायची. सगळे आकडे एका खोलीचे, एका वळणाचे उमटले तर ठीक. एखादा आकडा तिरका असेल किंवा भोवतीचा पत्रा ग्राइंडरने घासलेला दिसला, तर व्यवहार तिथेच थांबवावा.

अमेरिकेतही हेच दुखणं आहे. पाँटिॲक जीटीओ हे 1964 आणि 65 मध्ये लेमान्स गाडीवरचं एक ऑप्शन होतं. नुसत्या चेसिस नंबरावरून ते कळत नाही, त्यामुळे साध्या लेमान्सची जीटीओ करणं सोपं. 1966 पासून नंबराची सुरुवात 242 ने होऊ लागली. त्याआधीच्या गाडीसाठी कंपनीची जुनी बिलं काढून पाहतात.

आपल्याकडे तो आधार आरटीओच्या बी रजिस्टरचा. मालक, इंधन, इंजिन बदलल्याची नोंद, सगळं त्या उताऱ्यात बघावं. नंबरप्लेटही बोलते. नवा मोटार वाहन कायदा 1 जुलै 1989 ला लागू झाला आणि सोलापूरचं एमएच-13 वगैरे पासिंग त्यानंतरचं. त्यामुळे 1986 ची गाडी एमएच-13 मध्ये असेल तर ती आधी कुठे होती, हे विचारलंच पाहिजे. कर्नाटकची हद्द जवळ असल्याने उत्तर पुष्कळदा विजापूरच्या आरटीओत सापडतं. मग तिकडची एनओसी मागावी. जुन्या गाड्यांना हाय सिक्युरिटी नंबरप्लेट सक्तीची झाली, तिच्या बुकिंगलाही चेसिस आणि इंजिन नंबर द्यावे लागतात.

मला विचाराल तर आरसीवर रीतसर नोंद असलेली डिझेल कॉन्टेसा मी आधी घेईन. रातोरात ओरिजिनल झालेली नको. पण कायदा माझ्या बाजूने नाही. 2021 च्या व्हिंटेज नियमांत 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळायला गाडी पन्नास वर्षांपेक्षा जुनी लागते आणि चेसिस, बॉडी, इंजिनात मोठा बदल चालत नाही. पहिल्या कॉन्टेसा 2034 नंतर त्या रांगेत येतील. नव्वदच्या दशकात उतरवलेली पेट्रोल इंजिनं तोवर कुठून आणणार? बहुतेक तर तेव्हाच किलोच्या भावाने भंगारात गेली.