आतड्यातील मांसांकुर

भूक लागते, झोप येते, शेतातील काम होते, असा मनुष्य डॉक्टरांकडे कशाला जाईल? आमच्या आदिलाबादकडे असा प्रश्न विचारणाऱ्यासच लोक वेड्यात काढतील. परंतु दक्षिण कोरियात असे लक्षावधी लोक दर वर्षी जातात. त्या देशात २००४ पासून पन्नाशी ओलांडलेल्यांच्या शौचाची तपासणी सरकारी योजनेतून होते. डोळ्यांस न दिसणारे रक्त त्यात आढळले, तर दुर्बीण घालून मोठे आतडे पाहतात. कित्येक जण स्वखुशीने थेट दुर्बिणीचीच तपासणी करून घेतात. त्यांत काय दिसते? पन्नाशीपुढील, स्वतःस निरोगी समजणाऱ्या माणसांत साधारणपणे तीन-चारांमागे एकाच्या आतड्यात लहानमोठी गाठ सापडते. पुरुषांत हे प्रमाण अधिक, स्त्रियांत कमी.

हे वाचून वाचकांनी भिऊ नये. ही गाठ म्हणजे कर्करोग नव्हे. आतड्याचे आतील अस्तर सतत झिजते आणि काही दिवसांतच नवे होते. या घाईत एखाद्या ठिकाणी पेशींच्या वाढीचा लगाम सुटतो व तेथे भुईछत्रासारखा देठाचा किंवा चपटा उंचवटा येतो. डॉक्टर त्यास पॉलिप म्हणतात; आम्ही मांसांकुर म्हणू. बहुतेक मांसांकुर ज्वारीच्या दाण्याएवढे असतात. ते दुखत नाहीत, खुपत नाहीत आणि जन्मभर तसेच राहतात. थोडे मात्र वाढत वाढत टपोऱ्या वाटाण्याहून मोठे होतात, आणि त्यांतूनच पुढे कर्करोग उपजण्याचा संभव असतो. या प्रवासास बहुधा दहा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लागतो. रोग्यास हा अवकाश मिळतो, हे त्याचे भाग्यच म्हणावयाचे. १९६९ साली न्यूयॉर्क येथे विल्यम वुल्फ व हिरोमी शिन्या या डॉक्टरांनी दुर्बिणीतून तारेचा फास टाकून, पोट न फाडता, असे मांसांकुर काढण्यास आरंभ केला. रोग होण्यापूर्वीच त्याचे मूळ छाटले जाते, असे उदाहरण वैद्यकात विरळाच.

मग आपल्याकडे ही तपासणी सर्वांसाठी का नाही? मुंबईत १९६३ पासून कर्करोग्यांची पद्धतशीर नोंद होते. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ साली खेड्यांसाठी तशीच नोंदणी सुरू झाली. तेथील कार्यकर्ते गावोगाव हिंडून विचारपूस करतात. या नोंदींवरून दिसते ते असे, की मोठ्या आतड्याचा कर्करोग मुंबईत कोरियापेक्षा पुष्कळ कमी आणि बार्शीच्या खेड्यांत त्याहूनही कमी. भाकरी-भाजीचा आहार व अंगमेहनत ही कारणे पुढे केली जातात. परंतु कोरियातही हा रोग पूर्वी विरळच होता. राहणी बदलली तसा तो झपाट्याने वाढला. २०१६ साली भारत सरकारने आखलेल्या तपासणीत तोंड, स्तन व गर्भाशयमुख यांचे कर्करोग आहेत, आतड्याचा नाही. आमच्या मते हे योग्यच आहे. जेथे तंबाखूने तोंडे पोखरली जातात, तेथे आधी तोंड तपासावे. खेड्यात असे काम होत नाही, हा समज मात्र खोटा आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून सुमारे १,३०,००० स्त्रियांचा अभ्यास झाला. गर्भाशयमुखाच्या एका विषाणूची तपासणी ज्या गटात एकदाच झाली, त्यात त्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले, असे २००९ साली प्रसिद्ध झाले.

आमच्या भागात खरी अडचण निराळी आहे. शौचावाटे रक्त गेले की घरोघरी एकच निदान होते: मूळव्याध. मग लाजेपोटी महिनोन्‌महिने गुपचूप पाले-मुळ्यांचे औषध चालते. बहुधा ती मूळव्याधच असते, हेही खरे. पण चाळिशी-पन्नाशीच्या माणसास रक्त जाते, शौचाची सवय बदलते, वजन घटते किंवा कारण नसता अंग पांढरे पडते, तेव्हा आदिलाबादच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखवावे. कर्करोगाच्या उपचारासाठी हैदराबादेस १९५५ पासून चालत आलेली मेहदी नवाज जंग संस्था आहे.

ज्याच्या आईबापांस किंवा भावंडांस हा रोग झाला असेल, त्याने लक्षणांची वाट पाहू नये. त्यास चाळिसाव्या वर्षी, अथवा त्या आप्तास ज्या वयात रोग झाला त्याच्या दहा वर्षे आधी, यांपैकी जे आधी येईल तेव्हा दुर्बिणीने आतडे पाहून घेण्यास डॉक्टर सांगतात.