१०,००० लुमेनचा टॉर्च खरंच असतो का? टॉर्चमधला ड्रायव्हर आणि एलईडी कसा निवडायचा?

ऑनलाइन बाजारात पाचशे-सातशे रुपयांच्या टॉर्चवर ‘१०,००० लुमेन’ असं बिनधास्त छापलेलं असतं. टॉर्चचे हौशी लोक मात्र हा आकडा बघण्याआधी दोन प्रश्न विचारतात: आत एलईडी कोणता आणि ड्रायव्हर कोणता? रात्री कळसूबाई चढणाऱ्यांनी किंवा रात्रीच्या पाळीत वीज येते म्हणून शेताला पाणी द्यायला जाणाऱ्यांनीही हे प्रश्न विचारायला हवेत.

आधी साधा हिशोब

चांगल्या टॉर्चमधून एका वॉटमागे ढोबळमानाने १०० लुमेन प्रकाश मिळतो. म्हणजे १०,००० लुमेनसाठी १०० वॉट हवेत. टॉर्चमध्ये सर्रास वापरला जाणारा १८६५० सेल १८ मिलीमीटर जाड आणि ६५ मिलीमीटर लांब असतो. त्याची क्षमता ३,५०० एमएएच धरली, तर त्यात साधारण १२.६ वॉट-तास ऊर्जा मावते. १०० वॉटने ती साडेसात मिनिटांत संपेल. शिवाय त्यासाठी सेलमधून जवळपास २८ अँपिअर करंट ओढावा लागेल आणि जास्त क्षमतेच्या बहुतेक सेलना तो झेपत नाही. थोडक्यात, एका सेलवर चालणाऱ्या स्वस्त टॉर्चवरचा हा आकडा निव्वळ थाप असते. ‘९,९०० एमएएच’ छापलेला १८६५० सेलही त्याच माळेतला.

ड्रायव्हर म्हणजे काय?

साध्या पांढऱ्या एलईडीला साधारण ३ व्होल्ट लागतात. लिथियम सेल मात्र पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट देतो आणि संपत आला की ३ व्होल्टपर्यंत उतरतो. व्होल्टेज थोडंसं वाढलं तरी एलईडीमधला करंट झपाट्याने वाढतो. तो ताब्यात ठेवणारं छोटं सर्किट म्हणजे ड्रायव्हर. त्याचे मुख्य प्रकार तीन:

• एफईटी : सेल जवळजवळ थेट एलईडीला जोडला जातो. सुरुवातीला डोळे दिपवणारा उजेड मिळतो, पण टॉर्च लगेच तापतो आणि सेल उतरेल तसा उजेडही उतरत जातो.

• लिनिअर : करंट ठरावीक ठेवतो, पण जादा व्होल्टेज उष्णतेच्या रूपात वाया घालवतो. प्रसिद्ध ‘७१३५’ चिप ३५० मिलीअँपिअर देते. अशा ८ चिप लावल्या की २.८ अँपिअर. सेल भरलेला असताना १ व्होल्ट जादा असेल, तर २.८ वॉट नुसते ड्रायव्हर तापवण्यात जातात. स्वस्त आणि साधा पर्याय.

• बक आणि बूस्ट : कॉइलच्या मदतीने बक व्होल्टेज कमी करतो, तर बूस्ट वाढवतो. ऊर्जा कमी वाया जाते आणि सेल उतरत असतानाही उजेड बराच वेळ एकसारखा राहतो. ६ किंवा १२ व्होल्टचा एलईडी एका सेलवर चालवायचा, तर बूस्टच हवा. किंमत अर्थातच जास्त.

एलईडी कोणता?

पांढरा एलईडी मुळात निळा असतो. त्यावरच्या पिवळ्या फॉस्फरमुळे उजेड पांढरा दिसतो. या निळ्या एलईडीच्या शोधासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. हा शोध लावला तेव्हा नाकामुरा जपानच्या निचिया कंपनीत काम करत होते. त्याच निचियाचा ‘५१९ए’ हा एलईडी आज हौशी लोकांचा लाडका आहे.

त्याचं कारण सीआरआय. उजेडात रंग किती खरे दिसतात, हे हा आकडा सांगतो, कमाल १००. ‘५१९ए’चा सीआरआय ९०च्या वर असतो. साध्या थंड-पांढऱ्या एलईडीचा ७०च्या आसपास असतो, त्यामुळे लाल आणि तपकिरी छटा फिक्या पडतात. पाचोळ्यात पडलेली घोणस ओळखायची असेल, तर हा फरक महत्त्वाचा. मात्र सीआरआय वाढला की त्याच वॉटमध्ये लुमेन थोडे कमी मिळतात.

दुसरा मुद्दा आकाराचा. ओसरामच्या ‘व्हाइट फ्लॅट’सारख्या एलईडीचा उजेड देणारा भाग लहान असतो, म्हणून झोत लांब जातो. क्रीच्या ‘एक्सएचपी७०’सारखा मोठा एलईडी जवळचा परिसर उजळून टाकतो.

पाकिटावरच्या रेंजचा अर्थ

एएनएसआय एफएल१ या मानकानुसार, उजेड ०.२५ लक्सवर येतो ते अंतर म्हणजे रेंज. हा उजेड साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका. म्हणजे ‘२०० मीटर’ लिहिलेल्या टॉर्चने २०० मीटरवरचं सगळं स्पष्ट दिसेल असं नाही. लुमेनही टॉर्च लावल्यापासून ३० ते १२० सेकंदांदरम्यान मोजतात. त्यानंतर टॉर्च तापला की अनेक ड्रायव्हर उजेड आपोआप कमी करतात.

मग निवडायचं काय?

ट्रेक आणि शेतासाठी पसरट झोत, ९०च्या वर सीआरआय आणि बक किंवा बूस्ट ड्रायव्हर ही जोडी चांगली. उजेड ३०० लुमेन असला तरी चालेल, पण तो तासन्‌तास टिकायला हवा. लांबवर बघायचं असेल, तर लहान एलईडी आणि मोठा रिफ्लेक्टर. पैसे कमी असतील, तर लिनिअर ड्रायव्हरही पुरतो.

एक गोष्ट मात्र सोडू नका: सेल फार उतरण्याआधी टॉर्च बंद करणारी सोय ड्रायव्हरमध्ये किंवा सेलमध्ये असायलाच हवी. प्रमाणाबाहेर उतरलेला लिथियम सेल पुन्हा चार्ज करताना पेट घेऊ शकतो.