जुनी विद्युत मोटार आणि कॅश क्रेडिटचा मोह

गेल्या श्रावणात जयसिंगपूरचा भाचा भल्या सकाळी दारात उभा राहिला. "मामा, विजेवरची जुनी गाडी घ्यायची म्हणतो. सहा लाखांपर्यंत मिळते. सीसी सध्या मोकळीच आहे, त्यातून देऊन टाकतो." त्याचे कापडाचे दुकान, दसरा-दिवाळीचा माल भरण्यास जेमतेम दोन महिने उरलेले. बँकेत आयुष्य गेल्यामुळे मला गाडीपेक्षा त्याच्या शेवटच्या वाक्याचीच अधिक काळजी वाटली. कॅश क्रेडिट हे माल फिरविण्यासाठी असते. ते गाडीत अडकले की ऐन हंगामात व्यापाऱ्यापुढे हात पसरावा लागतो. अशी चांगली चाललेली दुकाने डबघाईस आलेली मी माझ्या टेबलावर पाहिली आहेत.

गाडीला माझा विरोध नव्हता. प्रथम त्याने दाखविलेली गाडी मात्र फारच स्वस्त होती. तिच्या हिरव्या पाटीवर अक्षरे पिवळी होती. खासगी विद्युत वाहनाच्या हिरव्या पाटीवर अक्षरे पांढरी असतात. पिवळी म्हणजे ती भाड्याने धावलेली. किलोमीटर लाखाच्या पुढे गेलेले. ती आम्ही तेथेच सोडली.

दुसरी टाटा टिगोर, 2022 ची, एकाच मालकाची. अशा गाडीत इंजिनाचा आवाज ऐकून काही कळत नाही. किंमत असते ती बॅटरीला. या गाडीची बॅटरी 26 किलोवॅट-तासांची, कंपनीने सांगितलेला पल्ला 306 किलोमीटर. तो आकडा प्रयोगशाळेतला. आम्ही पूर्ण चार्ज करून सांगली-मिरज असे 40 किलोमीटर वातानुकूलन चालू ठेवून फिरलो. 22 टक्के खर्च झाले. म्हणजे प्रत्यक्ष पल्ला 180 च्या आसपास. त्यानंतर अधिकृत सेवा केंद्रातून बॅटरीच्या प्रकृतीचा लेखी अहवाल घेतला. बॅटरीची हमी 8 वर्षे किंवा 1 लाख 60 हजार किलोमीटर, यांपैकी जे आधी होईल ते. आणि ती पहिल्या विक्रीच्या दिवसापासून मोजली जाते, आपल्या खरेदीपासून नव्हे. दुसऱ्या मालकास ती लागू आहे हे आम्ही लेखी मागून घेतले. तोंडी आश्वासनावर एवढा व्यवहार करू नये.

आता हिशेब. भाच्याची धाव महिना 1,200 किलोमीटर. जुनी पेट्रोल गाडी लिटरला 15 देत असे. लिटर 105 रुपये धरले तर 8,400 रुपये. विजेवर युनिटला 6 किलोमीटर व दर 12 रुपये धरला तर 2,400. बचत 6,000. जुनी गाडी विकून दीड लाख, घरची शिल्लक दोन लाख, उरलेल्या अडीच लाखांचे तीन वर्षांचे कर्ज. 13 टक्के व्याजाने हप्ता सुमारे 8,400 येतो. म्हणजे बचतीतून हप्ता पुरता भागत नाही. महिना 2,400 रुपये पदरचे घालावे लागतात. विक्रेते हा भाग सांगत नाहीत. भाच्याला तो पटला, आणि सीसीला हात लागला नाही.

विक्रेत्याने काही रक्कम रोख मागितली. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारणे प्राप्तिकर कायद्याने निषिद्ध आहे. आम्ही सर्व रक्कम बँकेतूनच दिली. गाडीवर जुने कर्ज होते. ते फिटल्याचे बँकेचे पत्र व नमुना 35 हाती आल्यावरच हस्तांतराच्या नमुना 29 व 30 वर सह्या झाल्या. विमाही चौदा दिवसांच्या आत नावावर करून घेतला. घरी 15 अँपिअरचा स्वतंत्र सॉकेट बसविला, अर्थिंग तपासले.

कुंथलगिरीची यात्रा या गाडीने एका चार्जिंगमध्ये होणार नाही, हे ताईला आधीच सांगून ठेवले. तिला त्याचे काही वाटले नाही. कुंभोजच्या बाहुबलीला नेतोस ना, एवढेच तिने भाच्याला विचारले, आणि आसनाचे आवरण हाताने चाचपून म्हणाली, "हे चामडे तर नव्हे?" कापड होते. मगच ती आत बसली.