वीजघरास परवानगी मिळते ती कशी?

घरांत कळ दाबली कीं दिवा लागतो. परंतु ती वीज जेथें निर्माण होते, त्या गांवास तिच्यापायीं काय सोसावें लागतें, हा विचार सहसा आपल्या मनांत येत नाहीं. तो विचार वीजघर उभें राहण्यापूर्वींच व्हावा, एवढ्यासाठीं सरकारी परवानगीची व्यवस्था आहे. ती कशी चालते, हें डहाणूच्या उदाहरणावरून आम्ही सांगूं इच्छितों.

डहाणू तालुका चिकूच्या बागांसाठीं प्रसिद्ध आहे. एका अंगास समुद्र, दुसऱ्या अंगास वारल्यांचे पाडे व जंगल. मुंबईच्या उपनगरांकरितां ५०० मेगावॉटचें, कोळशावर चालणारें वीजघर येथें योजिलें गेलें. केंद्र सरकारच्या पर्यावरण खात्यानें १९८९ सालीं त्यास मंजुरी दिली, पण अटींसह. कोळशांत थोडें गंधक असतें. तें जळलें म्हणजे सल्फर डायऑक्साइड नांवाचा उग्र वायु होतो व तो छातीस आणि झाडांच्या पानांस अपाय करतो. हा वायु धुराड्यांतून बाहेर पडण्यापूर्वीं धुऊन काढणारें यंत्र बसवावें, अशी एक अट होती. पर्यावरणाची काळजी वाहणारी स्थानिक मंडळी न्यायालयांत गेली. १९९१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें मंजुरी कायम ठेविली. मात्र परिणामांचा पूर्ण विचार केल्यावांचून ही अट शिथिल करूं नये, असें बजाविलें. त्याच वर्षीं जूनमध्यें सरकारनें सबंध तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला.

१९९५ सालीं वीजघर चालूं झालें. वीज निघाली, धूर निघाला. यंत्र मात्र कागदावरच! पुढें सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून १९९६ सालीं तालुक्याकरितां एक प्राधिकरण नेमलें गेलें. निवृत्त न्यायमूर्ति चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष झाले. या प्राधिकरणानें १९९९ सालीं यंत्र बसविण्याचा हुकूम दिला. तें प्रत्यक्ष चालूं झालें २००७ सालीं. योजना मोठी साधी आहे: समुद्राचें पाणी जात्याच किंचित् क्षारगुणी असल्यामुळें तें या आम्लगुणी वायूस शोषून घेतें. समुद्र तर शेजारींच होता! तरीहि मंजुरीपासून अठरा वर्षें लागलीं.

डहाणूस मंजुरी मिळाली तेव्हां पर्यावरणावरील परिणामांचा अहवाल कायद्यानें सक्तीचा नव्हता. ती सक्ति १९९४ सालीं आली व २००६ सालीं नियम नव्यानें घातले गेले. त्यांप्रमाणें कंपनीनें हवा, पाणी, शेती व मासेमारी यांवरील परिणामांचा अहवाल करवून घ्यावयाचा असतो. ज्याचें काम त्यानेंच तपासनीस नेमावा, हें आम्हांस तरी विचित्र वाटतें. म्हणूनच जनसुनावणीस महत्त्व आहे. तिची सूचना निदान तीस दिवस आधीं द्यावी लागते आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेंत उपलब्ध करावा लागतो. जिल्हाधिकारी किंवा त्यांचे प्रतिनिधि अध्यक्षस्थानीं बसतात. तेथें मतें मोजीत नाहींत. पण प्रत्येक आक्षेप लिहून घेतात व कंपनीस त्याचें उत्तर द्यावें लागतें. नंतर तज्ज्ञांची समिति शिफारस करते, मग मंत्रालय निर्णय देतें. प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमति निराळी घ्यावी लागते.

मंजुरी मिळाल्यावर अटी पाळल्या कीं नाहीं, याचा अहवाल कंपनीस दर सहा महिन्यांनीं सादर करावा लागतो. हा अहवाल गुप्त नसतो. मागेल त्या नागरिकास तो पाहतां येतो.