मळ्यातली भरीत पार्टी आणि हातभर अंतर

खानदेशातील कौटुंबिक सहलीचे सर्वांत रूढ रूप एखाद्या प्रेक्षणीय स्थळी नव्हे, तर शेतात पाहावयास मिळते. थंडी पडू लागली की जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील कुटुंबे सोयऱ्या-शेजाऱ्यांसह मळ्यात जमतात, कपाशीच्या पऱ्हाट्यांवर किंवा तुरकाठ्यांवर वांगी भाजतात आणि भरीत-पुरीची पंगत मांडतात. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे विशिष्ट प्रदेशाशी जोडलेल्या गुणांमुळे मिळणारे कायदेशीर संरक्षण, लाभले आणि या पार्टीचे कौतुकही उदंड झाले. नुकतेच चालू लागलेले मूल मात्र त्या कौतुकात कुठेच नसते.

वीस मोठी माणसे जमली की मूल सुरक्षित आहे असे गृहीत धरले जाते, आणि खरी अडचण या गृहीतातच आहे, कारण आईला ते आजीजवळ वाटते, आजीला मामाजवळ, आणि मामा विस्तव फुंकीत बसलेला असतो. कापूस वेचणाऱ्या मजूर बाया बांधावरच्या निंबाला झोळी बांधून तान्ह्याला निजवतात आणि राखायला थोरल्या बहिणीला बसवतात. त्या बहिणीचे खेळणे-शिकणे हिरावणारी ही व्यवस्था आदर्श मानता येणार नाही, परंतु मूल कोणाच्या ताब्यात आहे, या प्रश्नाचे उत्तर तिच्यात निःसंदिग्ध असते. सहलीत हे उत्तर आधी ठरवावे लागते: आळीपाळीने अर्धा-अर्धा तास एकाच व्यक्तीने, मोबाइल बाजूला ठेवून, हात लांबवताच मुलाला धरता येईल इतक्या अंतरावर राहावे.

हातभर अंतराचा हा आग्रह पाण्यामुळे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्ये बुडण्याच्या घटनांवर प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार बुडून होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण एक ते चार वर्षे वयोगटात सर्वाधिक आहे. या वयात डोके शरीराच्या मानाने जड असल्यामुळे हौदात डोकावणारे मूल तोल जाऊन डोक्यावरच पडते आणि बुडताना बहुधा ओरडतही नाही, त्यामुळे ‘आवाज येईलच’ या भरवशाला काही आधार उरत नाही. कठडा नसलेली विहीर निदान भय तरी उत्पन्न करते. प्लास्टिकचे अस्तर घातलेले शेततळे मात्र निळेशार आणि निरुपद्रवी दिसते, प्रत्यक्षात त्याचा ओला उतार इतका निसरडा असतो की पोहता येणाऱ्या प्रौढालाही दोराशिवाय वर येणे अवघड जाते. म्हणून सतरंजी अंथरण्यापूर्वी विहीर, हौद, शेततळे आणि उघडी कूपनलिका कोठे आहे हे मळेवाल्यास विचारून घ्यावे आणि पंगत त्यांच्यापासून दूर, शक्यतो कुंपणाच्या अलीकडे, मांडावी.

विस्तवाबाबत समज उलटा आहे. ज्वाळा असताना सारेच सावध असतात, परंतु पऱ्हाट्या भडकन पेटून लवकर विझतात आणि वरून थंड दिसणाऱ्या राखेखाली निखारे बराच वेळ धगधगत राहतात. भाजण्याची वेळ खरे तर जेवण सुरू झाल्यावर येते, जेव्हा विस्तवाजवळ कोणीही नसते. वांगी काढून घेताच राख पाण्याने पूर्ण विझवावी. मूल भाजलेच तर त्या भागावर वीस मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे, बर्फ किंवा टूथपेस्ट लावू नये, आणि १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. भरितातील अख्खा शेंगदाणाही या वयाच्या मुलाच्या श्वासनलिकेत अडकू शकतो, तेव्हा त्याचा घास शेंगदाणे न घालता आधीच वेगळा काढणे बरे. मिरचीचीही काळजी त्यातच मिटते.



मळ्यातून निघण्याची वेळ सर्वांत गडबडीची असते, कारण भांडी, सतरंज्या आणि उरलेली वांगी गाडीत भरताना मुलाची पाळी कोणाकडे होती हे विसरले जाते, आणि मागे घेतल्या जाणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या किंवा मोटारीच्या मागे उभे असलेले अडीच फुटी मूल चालकाला आरशात दिसत नाही. त्यामुळे मूल कोणाच्या तरी कडेवर आहे हे पाहिल्याखेरीज चालकाने किल्ली फिरवू नये.